डाव्या हाताचे काम

मी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. अभ्यासक्रमात लँग्स्टन ह्यूजच्या काही कविता आहेत. त्या शिकवताना जाझ हा शब्द टाळता येत नाही आणि मी तो कधी टाळलाही नाही. जाझ म्हणजे गुलामांच्या वंशजांचे संगीत, जाझ म्हणजे वेदनेचा हुंकार, जाझ म्हणजे प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला दिलेला नकार, असे मी फळ्यासमोर उभा राहून ठणकावून सांगत आलो. मुले ते लिहून घेत आणि परीक्षेत तेच मला परत मिळे. तीन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण ते असतं कसं? आपल्या गाण्यापेक्षा त्यात वेगळं काय वाजतं?" मी काहीतरी गोलमाल उत्तर दिले. तिने समजूतदारपणे मान डोलावली. मला कळलेले नाही हे तिला कळले होते, आणि ते मलाही कळले.

वास्तविक हा प्रश्न एकट्या माझ्यापुरता नाही. १९६६ साली अमेरिकेत ब्लॅक पँथर स्थापन झाली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. पुढे आपल्या नियतकालिकांतून निग्रो वाङ्मयाची (त्या वेळी हाच शब्द रूढ होता) भरपूर चर्चा झाली. कविता आल्या, आत्मचरित्रे आली, जाहीरनामे आले. त्या लोकांचा नाद मात्र आपल्यापर्यंत आला नाही. जाझविषयी आपण लिहिले ते शब्दांवरून शब्दांनी लिहिले. मी तरी तसेच करत होतो.

दुसरे एक कारण थोडे खाजगी आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गायन पार्टीत पेटी वाजवत. भीमजयंतीपासून पावसाळा लागेपर्यंत ते क्वचितच घरी असत. एका चर्चासत्राच्या जेवणाच्या वेळी मी हे सहज बोललो, तेव्हा शेजारी बसलेले एक विद्वान गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "तुमच्या लोकांच्या रक्तातच गाणं असतं हो!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. काळ्या अमेरिकनांना हेच वाक्य शंभर वर्षे ऐकवले गेले आहे. लय त्यांच्या रक्तात आहे, त्यांना शिकावे लागत नाही. आणि जे शिकावे लागत नाही त्याला जगात कोणी विद्या म्हणत नाही. आबांनी पेटी कशी शिकली हे मला ठाऊक आहे. गिरणीची दुसरी पाळी संपवून, शेजारी ओरडू नयेत म्हणून पेटीवर गोधडी टाकून ते बसत.

तेव्हा मी ठरवले की जाझमधली एक प्रसिद्ध चाल घ्यायची आणि ती पियानोवर स्वतः मांडून पाहायची. ऐकून नक्कल करायची नाही, मांडायची. इंग्रजीत याला अरेंजमेंट म्हणतात. आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीत संयोजन असा शब्द येतो. पियानो माझ्याकडे नाही. एकसष्ट पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड घेतला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेले एक सर भेटले. त्यांनी शनिवारी दुपारी तिथल्या उभ्या पियानोवर मला बसू दिले. फी विचारली तर म्हणाले, "तुम्ही मला मराठी कविता वाचून दाखवा."

चाल निवडली ती 'टेक द ए ट्रेन'. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ती ओळखधून. पण ती एलिंग्टनने रचलेली नाही. रचली बिली स्ट्रेहॉर्नने, १९३९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास. ए ट्रेन म्हणजे न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. ती १९३२ साली सुरू झाली. हार्लेम या काळ्यांच्या वस्तीकडे जायला सर्वांत जलद गाडी तीच. एलिंग्टनने स्ट्रेहॉर्नला आपल्या घरी येण्यासाठी वाट सांगितली होती, तिच्यात ही गाडी होती, आणि त्या पत्त्याचीच चाल झाली. (बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला अगदी लागून आहे. त्या वेळी ही गाडी नव्हती. पण नकाशा पाहताना माझे बोट तिथे थांबले, हे सांगायला हरकत नाही.)

स्ट्रेहॉर्न पिट्सबर्गच्या एका गरीब घरातला. औषधाच्या दुकानात काम करत त्याने संगीत शिकले, आणि ते युरोपीय अभिजात संगीत. मैफिलीत पियानो वाजवणारा कलावंत व्हावे ही त्याची इच्छा. पण त्या काळी काळ्या माणसाला तो दरवाजा जवळपास बंदच होता. डिसेंबर १९३८ मध्ये पिट्सबर्गच्या एका नाट्यगृहात, पडद्यामागे, तो एलिंग्टनला भेटला. एलिंग्टनचीच एक चाल त्याने आधी एलिंग्टन वाजवी तशी वाजवून दाखवली, आणि लगेच आपण ती कशी वाजवू तेही वाजवून दाखवले. संयोजन म्हणजे काय याची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही. चाल तीच राहते. तिच्या खाली, आजूबाजूला, आणि ती थांबते तिथे काय असावे, हे कोणीतरी बसून ठरवते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो.

सरांनी मला एक कागद दिला. त्यावर चालीचे स्वर आणि वर इंग्रजी अक्षरांच्या खुणा, बस्स. चालीची बत्तीस घरे, प्रत्येक घर चार मात्रांचे. आठ-आठ घरांचे चार तुकडे: मुखडा, पुन्हा मुखडा, अंतरा, आणि शेवटी मुखडा. आपल्या गाण्यांची ज्याला सवय आहे त्याला ही बांधणी परकी वाटत नाही. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एकला सा धरा. चाल खालच्या पंचमावर सुरू होते, उडी मारून गंधारावर जाते, मग प, सा, ग अशी पायरी चढते. पहिली दोन घरे एवढ्याच तीन स्वरांत. शाळेच्या कवायतीचे गाणे वाटावे इतके साधे! आणि तिसऱ्या घरात चाल खाली येऊन बसते ती कोमल धैवतावर. जिथून निघाली त्या पंचमापेक्षा फक्त अर्धा स्वर वर. तिथे ती बराच वेळ बसून राहते.

हा कोमल धैवत मी पेटीवर आबांना वाजवून दाखवला. त्यांनी भुवई वर केली. "ह्यो ध कुठून घुसला रं मधीच?"

त्याचे उत्तर चालीत नाही, खाली आहे. आपल्या संगीतात सा एकदा लागला की तो हलत नाही. तंबोरा किंवा पेटीचा सूर तो धरून ठेवतो आणि गळा त्याच्यावर फिरतो. जाझमध्ये, एकूणच पाश्चात्त्य पद्धतीत, जमीनही चालते. एका वेळी तीन-चार स्वरांचा एक संच वाजतो. त्याला कॉर्ड म्हणतात, आणि काही मात्रांनी तो बदलतो. वरचा स्वर तोच राहिला तरी खालचा संच बदलला की त्याचे नाते बदलते. पहिल्या दोन घरांत खाली सा, ग, प, ध असा संच आहे. तिसऱ्या-चौथ्या घरात जमीन रिषभावर सरकते: रे, तीव्र म, कोमल ध, सा. चालीतला तो आगंतुक धैवत या संचाचाच एक घटक आहे. म्हणजे तो परका नाही, फक्त त्याचे घर आपल्याला अजून दिसलेले नव्हते. पाचव्या घरात संच होतो रे, म, ध, सा. इथे जरा थांबून पाहा. रे आणि सा जागचे हलले नाहीत. तीव्र मध्यम अर्धा स्वर खाली उतरून शुद्ध झाला आणि कोमल धैवत अर्धा स्वर वर चढून शुद्ध झाला. एक बोट खाली, एक बोट वर, आणि सगळा उजेड बदलतो. पुढे सहाव्या घरात प, नी, रे, म. म्हणजे सा फक्त निषादावर उतरला आणि ध पंचमावर. तिथून नी पुन्हा सा वर जातो, म गंधारावर उतरतो, आणि आपण घरी पोचतो.

हे समजायला मला दोन महिने लागले. कागदावर चार अक्षरे होती. त्यांच्यामागे कोणते बोट कुठून कुठे जाते याचा हिशेब होता. उड्या मारून संच बदलले तर ते विटा फेकल्यासारखे वाजतात. जवळच्या जवळ सरकवले तर प्रत्येक बोटाची स्वतःची एक बारीक चाल तयार होते. सर म्हणत, "चार माणसं एका खोलीत आहेत असं समजा. खोली बदलायची तर सगळ्यांनी धावायचं कशाला?"

माझी खरी अडचण डाव्या हाताची झाली. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. त्याला हवा भरायचे काम असते, सूर काढायचे नाही. लहानपणी आबांच्या मांडीवर बसून मी जे शिकलो ते सगळे उजव्या हाताचे. पियानोवर बसलो की माझा डावा हात नकळत हवेत पुढे-मागे हलायचा. सर हसले नाहीत हा त्यांचा मोठेपणा. सोप्या गोष्टीला आपण डाव्या हातचा मळ म्हणतो. ज्याने हा वाक्प्रचार केला त्याने पियानो पाहिला नसावा.

सुरुवातीला मी डाव्या हाताने चारही स्वर एकदम दाबत असे, तेही खालच्या सप्तकात. गढूळ पाण्यासारखा आवाज येई. कारण कळले ते असे की खालच्या पट्टीत जवळजवळचे स्वर एकत्र वाजले की ते एकमेकांत मिसळून घुमतात. खाली स्वरांना अंतर लागते, वर ते दाटीने बसू शकतात. म्हणून डाव्या हाताने दोनच स्वर घ्यायचे: संचाचा पाया आणि त्याच्या वरचा सातवा. रिषभाच्या संचात रे आणि वरचा सा. उरलेला तिसरा उजव्या हाताच्या अंगठ्याकडे द्यायचा. पाचवा बहुतेक वेळा सोडूनच द्यायचा, कारण तो नसला तरी कानाला संच ओळखू येतो. पण तिसऱ्या घरातला कोमल धैवत हाच तिथला पाचवा आहे, बिघडवलेला पाचवा. तो सोडला तर चालच गेली. कुठला स्वर टाकता येतो आणि कुठला टाकता येत नाही, हा निर्णय प्रत्येक घरात नव्याने घ्यावा लागतो.

मग डावा हात चालवायला शिकलो. जाझमध्ये मोठे तंतुवाद्य प्रत्येक मात्रेला एक स्वर देत पुढे जाते, पायी चालल्यासारखे. पहिल्या घरात सा, ग, प, ध. दुसऱ्यात वरचा सा, ध, प आणि शेवटच्या मात्रेला कोमल ग. हा कोमल गंधार संचात बसत नाही. त्याचे काम एवढेच की पुढच्या घरातल्या रिषभाच्या दारात अर्धा स्वर आधी उभे राहायचे. तो तिथे टाकल्यावर तिसरे घर आपोआप उघडते. लयीचीही एक गोष्ट आहे. एका मात्रेचे दोन भाग कागदावर सारखे लिहितात, वाजवताना पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो. किती लांब, हे लिहिता येत नाही. ढोलकीवर चांगला हात पडला की केरवा कसा झुलतो हे ज्याने ऐकले आहे त्याला याची कल्पना येईल.

१९४१च्या फेब्रुवारीत या चालीचे प्रसिद्ध ध्वनिमुद्रण झाले. त्यात आधी एलिंग्टन पियानोवर चार घरांची सुरुवात करतो, मग सॅक्सोफोन सगळे मिळून एका सुरात चाल वाजवतात, आणि चाल जिथे थांबते तिथे ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन मधूनमधून उत्तर देतात. पियानोवर माझ्याकडे दहा बोटे. प्रश्न आणि उत्तर दोन्ही त्यांनीच द्यायचे. कोमल धैवतावर चाल लांबते ती जागा उत्तरासाठी मोकळी आहे, हे मला कित्येक आठवडे दिसले नाही. मी ती जागा भीतीपोटी कशाने तरी भरून टाकत होतो. दाखवली ती आबांनी. ते म्हणाले, "हितं झीलकरी बोलतोय. तू त्याला बोलूच दीना." शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतो. हे मी जन्मापासून ऐकत होतो आणि शिकत मात्र होतो कागदावरून. त्यानंतर मी तिथे चाल नुसती धरून ठेवली आणि वरच्या सप्तकात दोन छोटे ठोके दिले. तेवढ्याने काम झाले.

आबांच्या पार्टीत सहा माणसे होती. मुख्य गायकाच्या कोणत्या ओळीला कोरस उठवायचा, ढोलकी कुठे बंद ठेवायची, बेंजो कुठून सुरू करायचा, हे सगळे आबा ठरवत. ते कुठे लिहिलेले नव्हते. पत्रकावर गायकाचे नाव मोठे छापत आणि खाली 'व संच' असे लिहीत. आबा त्या 'संच' शब्दात होते.

स्ट्रेहॉर्नचेही असेच झाले, पण त्याच्या बाबतीत कागद शिल्लक राहिले. सुमारे अठ्ठावीस वर्षे तो एलिंग्टनसाठी लिहीत होता. पुष्कळ रचनांवर एलिंग्टनचे नाव किंवा दोघांचे मिळून नाव लागले. १९९६ साली डेव्हिड हाजडूने त्याचे चरित्र लिहिले, आणि पुढे वॉल्टर फान द लूर या अभ्यासकाने हस्तलिखितांतले अक्षर ताडून कोणते काम कोणाचे याचा छडा लावला. 'ए ट्रेन' पुढे आली त्यालाही एक व्यावहारिक कारण होते. १९४१च्या आरंभी अमेरिकेतील नभोवाणी कंपन्या आणि ॲस्कॅप ही रचनाकारांची संस्था यांच्यात मोबदल्यावरून भांडण झाले, आणि संस्थेच्या सभासदांचे संगीत प्रक्षेपित होणे बंद झाले. एलिंग्टन सभासद होता. स्ट्रेहॉर्न नव्हता. वाद्यवृंदाला नभोवाणीवर वाजवायला दुसऱ्याचे संगीत तातडीने हवे होते. एलिंग्टनचा मुलगा मर्सर सांगे की ही चाल स्ट्रेहॉर्नने कचऱ्यात टाकली होती आणि आपण ती उचलून आणली. एलिंग्टनने त्याला फसवले असे म्हणणे मात्र मला सरधोपट वाटते. त्याने स्ट्रेहॉर्नला पोसले, मान दिला, जाहीरपणे कौतुकही केले. स्ट्रेहॉर्न समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता. त्या काळात प्रकाशझोतापासून दूर राहिल्यामुळे त्याला तसे जगता आले, असेही चरित्रात दिसते. पण सावली सोयीची असली तरी सावलीच. १९६७ साली तो कर्करोगाने गेला.

आपल्याकडेही हा इतिहास फार लांबचा नाही. तीसच्या दशकात शिकागोचा काळा पियानोवादक टेडी वेदरफर्ड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्याच्यासारख्यांच्या सहवासात गोव्याचे वादक जाझमध्ये तयार झाले. गोव्यात चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलेखन शिकवले गेले होते, ते त्यांचे भांडवल. चिक चॉकोलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही मंडळी पुढे हिंदी चित्रपटांची संयोजक झाली. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणे, आणि वाद्यवृंदात कोणी काय वाजवायचे ते हे लोक लिहून काढत. पडद्यावर त्यांचे नाव आले तर सहायक म्हणून. १९६३ साली एलिंग्टन वाद्यवृंदासह भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला. स्ट्रेहॉर्न त्या दौऱ्यात होता. पुढे दोघांनी मिळून 'फार ईस्ट स्वीट' रचले. त्यात दिल्लीतल्या एका पक्ष्यावर स्ट्रेहॉर्नची रचना आहे. माझ्या माहितीत कोणी मराठी लेखक त्या वेळी त्यांना ऐकायला गेला असल्यास त्याने ते लिहून ठेवायला हवे होते.

माझे संयोजन अजून पूर्ण झालेले नाही. अंतऱ्यात जमीन मध्यमावर जाते, म, ध, सा, ग, आणि चार घरे तिथेच राहते. तो भाग सोपा आहे आणि मला फारसा आवडत नाही. नंतर रिषभाचा संच पुन्हा येतो, पण या वेळी धैवत शुद्ध. मुखड्यातल्या कोमल धैवताची इतकी सवय झालेली असते की हा शुद्ध धैवतच चुकल्यासारखा वाटतो, आणि माझे बोट अजूनही तिथे काळ्या पट्टीवर पडते. १९४१च्या मुद्रणात सगळा वाद्यवृंद मध्येच षड्ज बदलून कोमल गंधारावर नेतो. ते मी सोडून दिले आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी कीबोर्ड वर्गात नेला. ती मुलगी आता त्या वर्गात नाही. तिने पदवी घेतली आणि ती एका पतसंस्थेत काम करते. तिला निरोप दिला होता, ती रजा काढून आली. मी जाझची व्याख्या सांगितली नाही. आधी नुसती चाल वाजवली, मग खालचे संच, मग डावा हात, मग सगळे एकत्र. दुसऱ्या मुखड्याला डावा हात चुकला, मी थांबलो आणि तिथून पुन्हा सुरू केले. मुलांनी एकूण पाच-सहा प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचेही उत्तर 'वेदना' नव्हते. एका मुलाचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्याने तिसरे-चौथे घर पुन्हा वाजवायला लावले, तीन वेळा, आणि वहीत काहीतरी लिहून घेतले. काय लिहिलेस, असे विचारले तर म्हणाला, "सर, ध कोमल. घरी पप्पांना दाखवतो."